चॅसीवर गंज परत परत येतोय? नवं कोटिंग निवडण्याआधी जुना पोपडा उलटून बघा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. गाडी पूर्ण उघडली, बॉडी उचलून बाजूला ठेवली, चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, सँडब्लास्ट करून (दाबाच्या हवेने बारीक कण मारून साफ करून) आणली आणि त्यावर भारीतलं कोटिंग चढवलं. वर्षभर काळीभोर, दृष्ट लागण्यासारखी. मग एक दिवस सहज खाली वाकून पाहिलं तर मागच्या क्रॉस मेंबरवर (चॅसीच्या आडव्या तुळईवर) टाचणीच्या डोक्याएवढा फोड. नखाने दाबला तर फुटला, आतून तांबडं पाणी. सहा महिन्यांनी तिथलाच पापुद्रा तळहाताएवढा सुटून हातात.

मग "या वेळी कोणतं मारू?" हा प्रश्न सुरू होतो, आणि दहा जण दहा डब्यांची नावं सांगतात. मला विचाराल तर हा दुसरा प्रश्न आहे. मागचं का निघालं, हा पहिला. त्याचं उत्तर न शोधता नवा डबा उघडला की तोच आजार नव्या रंगात परत येतो.

माझ्या गाडीवर हे दोनदा झालंय. पहिल्यांदा पावडर कोटिंग, दुसऱ्यांदा हवेतल्या ओलाव्यावर सुकणारं युरेथेन. दोन्ही वेळा मी मालाला शिव्या घातल्या. दोन्ही वेळा चूक माल लागण्याच्या आधीच होऊन गेली होती.

पोपडा काय सांगतो

सुटलेला तुकडा फेकू नका. उजेडात धरा, उलटा करा, आणि तो जिथून निघाला ती जागाही नीट बघा.

तुकड्याची मागची बाजू गुळगुळीत, खालचं लोखंडही चकचकीत: रंगाला पकडच मिळाली नव्हती. ग्राइंडरला तारांचा कप ब्रश लावून चॅसी "स्वच्छ" केली की बहुतेक वेळा असंच होतं. वायर ब्रश गंज काढतो त्यापेक्षा जास्त घोटतो. खड्ड्यांतला गंज तिथेच राहतो आणि वरून आरशासारखी झिलई येते. कोटिंगला हवा खरखरीत पृष्ठभाग. ब्लास्टिंगने साधारण ४० ते ७५ मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) खोलीचा खरखरीतपणा मिळतो, तळहात फिरवला तर जाड एमरी पेपरसारखा लागतो. माझं युरेथेन याच कारणाने गेलं. जिथे जुनी खड्डेदार जागा होती तिथे ते आजही छिन्नीने निघत नाही. जिथे मी मेहनतीने घासून गुळगुळीत केलं होतं तिथून सापाने कात टाकावी तसं अख्खं उतरलं. ही जात खडबडीत, किंचित गंजलेल्या लोखंडालाच घट्ट धरते. डब्यावर लिहिलेलंही होतं. वाचलं नव्हतं.

तुकड्याच्या मागे तांबडी पूड चिकटलेली, लोखंडावरही तांबडंच: कोटिंग लोखंडाला नाही, गंजाला चिकटलं होतं. गंजाचा थर स्वतःच मधून दुभंगला आणि रंग घेऊन गेला.

प्रायमर जागेवर, फक्त वरचा थर सुटलाय: रंगाच्या दोन हातांमधल्या वेळेचं अंतर चुकलं. टू-पॅक (ऐनवेळी हार्डनर, म्हणजे कडक करणारा दुसरा भाग, मिसळायची) इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर पुढचा थर तिला रासायनिक रीतीने चिकटत नाही. माहितीपत्रकात दिलेली वेळ उलटून गेली असेल तर घासून खरखरीत करणं भाग आहे. गार, दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी तेलकट, चिकट साय येते. ती साबण-पाण्याने आणि स्कॉचब्राइटने धुवावी लागते. नुसतं थिनरचं फडकं फिरवलं तर ती फक्त पसरते.

फोड, आणि फोडात पाणी: मीठ. यावर खाली वेगळं लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

गंज फक्त कडांवर आणि वेल्डिंगच्या टाक्यांवर: थर पातळ.

सांध्यातून किंवा एखाद्या भोकातून तपकिरी ओघळ: आजार आतून आहे. बाहेरून सोन्याचा मुलामा दिलात तरी थांबणार नाही.

पहिल्या वेळचा पावडरचा तुकडा मी अजून ठेवलाय. पुढच्या चाकामागच्या भागातला, पंजाएवढा. समोरून निर्दोष, फक्त एका कोपऱ्यात दगड लागून उडालेला बारीकसा टवका. उलटा केला की त्या टवक्यापासून निघालेल्या तांबड्या रेषा पार दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या दिसतात, वेलीसारख्या. पाणी एका ठिकाणी शिरलं आणि थराखालून चालत गेलं. वरून वर्षभर काहीच दिसलं नाही, कारण पावडरचा थर इतका चिवट की तो फुटतच नव्हता, नुसता खालून मोकळा होत होता.

ब्लास्टिंगने गंज जातो, मीठ जात नाही

खारी हवा, मीठ टाकलेले रस्ते, खाऱ्या पाण्यातून गेलेली गाडी, काहीही असो. मिठातलं क्लोराइड लोखंडातल्या खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतं. ब्लास्टिंगनंतर चॅसी करड्या चांदीसारखी दिसते आणि आपण खूश होतो. पण तळाशी राहिलेलं लोहाचं क्लोराइड हवेतून पाणी ओढत राहतं. कुठलाही रंग वाफ शंभर टक्के अडवत नाही. थोडी थोडी वाफ आत जाते, मिठाशी गाठ पडते, तिथे खारट थेंब तयार होतो आणि तो थेंब आणखी पाणी खेचतो. फोडातलं पाणी असं येतं.

तपासणी सोपी आहे. ब्लास्ट केलेल्या भागावर, विशेषतः खड्डे असलेल्या जागी, डिस्टिल्ड पाण्याचा हलका फवारा मारा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सगळीकडे सारखीच पिवळट झाक आली तर ती साधी ताजी गंजझाक. पण खड्ड्याखड्ड्यांत काळे-तपकिरी ठिपके उठले असतील तर मीठ अजून आत आहे. मग प्रेशरने भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं, वाळवायचं, पुन्हा ब्लास्ट करायचं, पुन्हा फवारा. माझ्या मागच्या क्रॉस मेंबरला हे तीनदा करावं लागलं. तिसऱ्या सकाळी ठिपके नव्हते.

ब्लास्टिंग करून घेताना "पांढरं दिसेपर्यंत मारा" एवढंच सांगू नका. आयएसओ ८५०१-१ मधली एसए २½ ही पायरी मागा. त्यात फक्त हलक्या सावलीसारखे डाग चालतात, पापुद्रे आणि गंज नाही. आणि नाव सँडब्लास्टिंग असलं तरी वाळू वापरू देऊ नका. सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. ब्रिटनने ब्लास्टिंगसाठी वाळूवर १९४९ सालीच बंदी घातली. गार्नेट, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा स्टील ग्रिट वापरा.

दव

ब्लास्ट केलेली चॅसी उघडी ठेवायचीच नाही. काही तासांत पहिला हात बसला पाहिजे. पण घाईत गार लोखंडावर रंग मारणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते त्यापेक्षा) किमान ३ अंश वर हवं. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २१ च्या किंचित वर येतो, म्हणजे लोखंड २४ पेक्षा जास्त गरम पाहिजे. रात्रभर बाहेर पडलेली जाड चॅसी सकाळी दहापर्यंत हवेपेक्षा गारच असते. डोळ्यांना न दिसणारी ओल तिच्यावर असते आणि तुम्ही तीवर इपॉक्सी मारता. हवेचं तापमान बघून उपयोग नाही, लोखंडाचं मोजा.

दुसरं टोक म्हणजे थंडी. साधारण १० अंशांखाली नेहमीच्या टू-पॅक इपॉक्सीचं कडक होणं जवळजवळ थांबतं. हार्डनर जास्त घालून ते सुरू होत नाही. प्रमाण बिघडलं की थर कायमचा चिवट-मऊ राहतो.

कडा

ओला रंग धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमका कडेवर थर सर्वांत पातळ राहतो. म्हणून गंजाची पहिली रेघ नेहमी चॅनेलच्या (उघड्या, यू आकाराच्या तुळईच्या) ओठावर दिसते. कानशीने किंवा ग्राइंडरने कडा मोडा, जवळपास २ मिलिमीटरची गोलाई द्या. वेल्डिंगचे उडालेले थेंब काढून टाका. मग स्प्रे गन उचलण्याआधी सगळ्या कडा, टाके, रिव्हेट आणि भोकांच्या कडा ब्रशने एकदा रंगवून घ्या. कंटाळवाणं काम आहे. पूर्ण चॅसीला मला एक अख्खी दुपार लागली, आणि या वेळी कडा टिकल्या त्याचं श्रेय मी कुठल्याही कंपनीपेक्षा त्या दुपारला देतो.

आता डबा

चॅसी ही रंगाच्या दृष्टीने एक वस्तू नाही. उघडे पृष्ठभाग, सांधे आणि पोकळ्या ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. एकाच मालाने तिन्ही सांभाळायला गेलं की एक तरी हातचं जातं.

उघड्या पृष्ठभागावर माझी पसंती ब्लास्ट केलेल्या लोखंडावर थेट टू-पॅक इपॉक्सी प्रायमर, दोन हातांत मिळून १०० ते १५० मायक्रॉन, आणि वर टू-पॅक पॉलियुरेथेन. नुसत्या इपॉक्सीवर थांबू नका. उन्हात ती पांढुरकी पडून भुकटी सोडते. ही जोडी सगळ्यात चिवट आहे असं मी म्हणत नाही. पण टवका उडाला तर कड घासून उतरती करायची, ब्रशने इपॉक्सी, वरून रंग, आणि तासाभराचं काम संपलं. चालणाऱ्या गाडीला दगड लागणारच. जे कोटिंग घरी दुरुस्त होत नाही ते चालणाऱ्या गाडीवर मी लावणार नाही. टू-पॅक पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. तो नसेल तर फवारणीचं काम सोय असलेल्याकडे द्या.

पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून बसतं. दिसायला त्याच्याइतकं सुबक काही नाही. पण पावडर विजेच्या भाराने ओढली जाते, आणि आतल्या कोपऱ्यांत तो भार पोचत नाही, तिथे थर विरळ राहतो. जुन्या सांध्यांत मुरलेलं ग्रीस भट्टीत उकळून बाहेर येतं आणि बारीक छिद्रं पाडतं. शिवाय जाड पावडरवर सस्पेन्शनचे ब्रॅकेट आवळले की दाबाखाली थर हळूहळू बसतो आणि बोल्ट सैल होतात. बोल्टने आवळल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवर पावडर येऊ देऊ नका. सुटे ब्रॅकेट, बॅटरीची ट्रे, प्रदर्शनात उभी राहणारी गाडी, यांना पावडर उत्तम. चॅसीला द्यायचीच असेल तर खाली फॉस्फेट प्रक्रिया (लोखंडाला पकड देणारी रासायनिक धुलाई) आणि इपॉक्सी पावडरचं प्रायमर मागून घ्या. माझ्या वेळी ते नव्हतं. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

जस्ताचा गरम मुलामा, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, हे या यादीतलं एकच असं काम आहे जे पोकळीच्या आतही तेवढंच पोचतं. चॅसी साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. आयएसओ १४६१ प्रमाणे ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर सरासरी ७० मायक्रॉन आणि ६ च्या वर ८५ मायक्रॉन जस्त बसतं. ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. याच तत्त्वावर हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या तळाला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले होते. तांबं इतकं सुरक्षित झालं की ते पाण्यात विरघळेना, आणि मग त्यावर शंख-शेवाळाचं रान माजलं! प्रत्येक उपायाला अशी एक शेपूट असतेच. गॅल्व्हनायझिंगची शेपूट म्हणजे उष्णता. बंद बॉक्स सेक्शनला (पोकळ चौकोनी तुळईला) हवा आणि जस्त जाण्यायेण्याची भोकं नसतील तर आत अडकलेल्या ओलीची वाफ होऊन तो फुटू शकतो. पातळ पत्र्याची ठिगळं लावलेली जुनी चॅसी वाकडी होऊ शकते. बुडवण्याआधी आणि नंतर चॅसीचे कर्ण (तिरक्या कोपऱ्यांमधली अंतरं) मोजा. सगळं वेल्डिंग आधी उरका. जस्तावर वेल्डिंग केलं की धुराने ताप येतो आणि तिथला मुलामाही जातो. वर रंग द्यायचा असेल तर हलकं ब्लास्टिंग किंवा एचिंग (आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करणं) करून इपॉक्सी लावा. साधा ऑइल पेंट लावू नका. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन मध्ये साबण तयार होतो आणि रंग चादरीसारखा निघतो. चॅसी जाड, सरळ, फारशी ठिगळं नसलेली असेल आणि गाडी रोज चालवायची असेल, तर मी इपॉक्सीपेक्षा याला झुकतं माप देईन.

जस्तयुक्त प्रायमर, ज्याला "कोल्ड गॅल्व्हनायझिंग" म्हणून स्प्रेच्या डब्यात विकतात, तो ब्लास्ट केलेल्या उघड्या लोखंडावरच उपयोगी. जस्ताचा कण लोखंडाला टेकला तरच काम करतो. गंजावर किंवा दुसऱ्या प्रायमरवर मारलेला तो नुसता करडा रंग.

रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावून त्याला स्थिर करणारं द्रावण): टॅनिक आम्लाने पातळ गंज निळसर काळा होतो, हे खरं. पण पोपडेदार गंजाचा फक्त वरचा थर काळा होतो, खाली तांबडं तसंच. आणि बहुतेकांत फॉस्फोरिक आम्लही असतं. ते न धुता वर इपॉक्सी मारलीत तर आम्ल तिच्या अमाइन हार्डनरलाच खाऊन टाकतं आणि थर खालून कच्चा राहतो. ब्लास्टिंग अशक्य आहे अशा कोपऱ्यापुरतं कन्व्हर्टर ठीक. त्यावर पत्रकात सांगितलेलाच माल लावा.

रबर किंवा डांबराचं अंडरकोटिंग थेट लोखंडावर? नाही. काही वर्षांनी ते कडक होतं, तडे जातात आणि तड्यातलं पाणी बाहेर यायचं नाव घेत नाही. चाकांच्या कमानीत, पक्क्या इपॉक्सीच्या वर, दगडांपासून आडोसा म्हणून चालेल.

सांधे आणि पोट

रिव्हेट केलेल्या किंवा एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांच्या मधला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पट्ट्या फुगून वेगळ्या होतात त्या याच्यामुळे. पट्टी फुगलेली दिसली तर रिव्हेट ड्रिलने काढा, उघडा, साफ करा, परत बसवा. वरून काहीही भरून उपयोग नाही. सांधा चांगला असेल तर प्रायमरवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचीक लगदा, ओढा, पण फक्त वरच्या आणि बाजूच्या कडेला. खालची कड उघडी राहू द्या. चारही बाजू बुजवल्या की आत गेलेलं पाणी तिथेच राहतं.

बॉक्स सेक्शनच्या आत आधी सुटा गंज काढा. मी एका टोकाने साखळी सोडून चॅसी हलवत होतो. बादलीभर पापुद्रे पडले. मग प्रेशरने पाणी, मग दोन-तीन दिवस गरम हवा. ओल गेल्याची खात्री झाल्यावर चारी बाजूंना फवारणाऱ्या लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं मेण. वॅक्स कधीच पूर्ण कडक होत नाही, आणि तोच त्याचा गुण. ते फटीत सरकतं आणि ओरखडा स्वतःच भरून काढतं. बाहेरच्या रंगाला ज्यासाठी नावं ठेवली असती त्याच गोष्टीसाठी आत त्याला घ्यायचं. उन्हाच्या दिवसांत करा, आधी वेल्डिंग संपवून, वॅक्स पेटतं. दर काही वर्षांनी पुन्हा मारावं लागेल. पाणी निघायची भोकं वॅक्स आणि चिखलाने बुजत नाहीत ना, हे बघत राहा. मूळ चॅसीवर ती कारखान्यानेच ठेवलेली असतात. दुरुस्तीत ठिगळ मारताना बुजवली गेली असतील तर पुन्हा पाडा.

विसरू नयेत अशा बारीक गोष्टी

चॅसी नंबर ब्लास्टिंगआधी झाका आणि त्यावर फक्त पातळ थर द्या. वाचता आला नाही तर नोंदणीच्या वेळी त्रास. बोल्टचे आटे प्लग लावून बंद करा. अर्थिंगच्या वायरी जिथे लागतात तेवढा गोल उघडा ठेवा आणि जोडल्यावर वरून ग्रीस लावा. नवीन कोटिंगनंतर दिवे मिणमिणतात त्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं.

ब्लास्टिंगबरोबर एक भंगार पट्टी पण द्या. तिच्यावर तोच माल, त्याच दिवशी, त्याच हाताने मारा. सुकल्यावर अर्ध्या भागावर ब्लेडने जाळी पाडा, टेप चिकटवून ओढा. चौकोन निघाले तर चॅसीवर वरचा हात मारू नका. उरलेल्या अर्ध्या भागावर लोखंडापर्यंत एक फुली ओरखडून पट्टी बाहेर उघड्यावर टांगा. चॅसीचं पुढे काय होणार ते ती पट्टी तुम्हाला सहा महिने आधी सांगते.

माझी पट्टी कुंपणाला लटकलेली आहे. फुलीत गंज आहे, पण रेघेच्या बाहेर दोन मिलिमीटरही सरकलेला नाही. परवा गाडीखाली जाऊन चाकामागच्या भागात तीन टवके मोजले, तिन्ही घासून ब्रशने भरले. मागच्या क्रॉस मेंबरच्या खालच्या भोकातून काहीतरी लोंबत होतं. बोट लावलं. तपकिरी पाणी नव्हतं, वॅक्सचा थेंब होता.